आउटबोर्ड इंजिन होडीपासून आणखी मागे का बसवतात? सेटबॅक आणि जॅक प्लेट सोप्या भाषेत

यूट्यूबवर अमेरिकेतल्या बास फिशिंगचे व्हिडिओ तुम्ही कधी ना कधी पाहिले असतील. १८-२० फुटांची चकचकीत होडी, मागे १५० ते २५० एचपीचं आउटबोर्ड इंजिन आणि ताशी १०० किलोमीटरच्या पुढचा वेग. पुढच्या वेळी असा व्हिडिओ दिसला की होडी आणि इंजिन यांच्या मधली जागा नीट बघा. इंजिन होडीच्या मागच्या भिंतीला थेट चिकटलेलं नसतं. मध्ये अॅल्युमिनियमचा एक जाडजूड सांगाडा असतो आणि त्यामुळे इंजिन भिंतीपासून ६, ८, १० किंवा १२ इंच मागे लटकत असतं.

हे दिसायला भारी दिसतं म्हणून केलेलं नाही. पण "इंजिन मागे घेतलं की वेग वाढतो" एवढंच ऐकून प्लेट विकत घेण्याइतका हा विषय सोपाही नाही. आज आपण हेच समजून घेणार आहोत: इंजिन मागे सरकवल्याने नक्की काय मिळतं, त्याची किंमत काय आणि भोक पाडण्याआधी घरच्या घरी काय तपासता येतं.

आधी थोडे शब्द

होडीच्या मागच्या टोकाला जी उभी, सपाट भिंत असते तिला ट्रान्सम म्हणतात. आउटबोर्ड इंजिन याच भिंतीवर टांगलेलं असतं. आपल्याकडे किनाऱ्यावर बरेच जण त्याला नुसतं ओबीएम म्हणतात. ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये मिलवॉकीत कंपनी काढून ही इंजिनं विकायला सुरुवात केली, तेव्हा त्यांची खरी गंमत हीच होती की वल्ह्याच्या साध्या होडीलाही ती मागून अडकवता यायची. होडीत इंजिनासाठी वेगळी खोली नको, तळाला भोक नको. पुढे इंजिनं मोठी झाली, क्लॅम्पच्या जागी बोल्ट आले, पण टांगायची जागा तीच राहिली.

इंजिनाचा दांडा किती लांब, हे ट्रान्समच्या उंचीवर ठरतं. १५, २० आणि २५ इंच ही नेहमीची मापं, मोठ्या होड्यांना ३० इंचही असतं. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) बरोबर वर एक आडवी सपाट पट्टी दिसते. तिला बरेच जण कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, पण तिचं खरं काम वरची हवा पंख्यात ओढली जाऊ नये हे आहे. म्हणून अँटी-व्हेंटिलेशन प्लेट हे नाव जास्त बरोबर. या लेखात मी तिला नुसतं "पट्टी" म्हणतो. ही पट्टी पुढे खूप कामाला येणार आहे.

ट्रान्समपासून इंजिन जितकं मागे, ते अंतर म्हणजे सेटबॅक. ते मिळवून देणारा सांगाडा म्हणजे जॅक प्लेट. तिच्यात इंजिन वर-खालीही करता येतं. साध्या प्लेटमध्ये बोल्ट सैल करून, आणि महाग हायड्रॉलिक प्लेटमध्ये चालत्या होडीत बटण दाबून. २४-३० इंच मागे नेणारे आणि आतून पोकळ, स्वतः तरंगणारे मोठे सांगाडे असतात त्यांना ब्रॅकेट म्हणतात. प्लेट आणि ब्रॅकेट यांचं तत्त्व एकच आहे, पण परिणामांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो आकड्यांत बघूच.

मागचं पाणी वर येतं, सगळी गंमत तिथे आहे

गादीवर तळहात दाबून पुढे सरकवत न्या. हाताखाली गादी दबलेली असते, हात पुढे गेला की मागची गादी वर येते. वेगात धावणारी होडी पाण्याशी हेच करते. तळ पाण्याला खाली दाबतो, आणि ट्रान्सम संपला की ते पाणी परत वर यायला लागतं. पण ते लगेच येत नाही. ट्रान्समला अगदी लागून पाण्याची पातळी तळाइतकी असते, थोडं मागे गेलं की ती चढत जाते.

आता इंजिन मागे नेलं तर पंखा या चढलेल्या पाण्यात येतो. म्हणजे इंजिन वर उचललं तरी पंखा पाण्यातच राहतो. साधारण अंदाज असा सांगितला जातो की दर १० ते १२ इंच सेटबॅकला इंजिन सुमारे १ इंच वर घेता येतं. हा सुरुवातीचा आकडा आहे, नियम नाही. तळाचा आकार, वेग, वजन यांवर तो बदलतो.

१ इंच म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण पंख्याच्या वरचा आणि पुढचा जो धातूचा भाग पाण्यात घासत असतो, तो वेगात मोठा अडथळा असतो. तो जितका पाण्याबाहेर, तितकी इंजिनाची ताकद पुढे ढकलायला उरते. शिवाय पंखा वर आला की होडी उथळ पाण्यात जाऊ शकते. फ्लोरिडाच्या उथळ खाड्यांत मासेमारी करणारे हायड्रॉलिक जॅक प्लेटवर पैसे घालवतात ते मुख्यतः यासाठी.

दुसरा फायदा पाण्याच्या दर्जाचा. ट्रान्समच्या लगेच मागे पाणी घुसळलेलं, बुडबुड्यांचं असतं. थोडं मागे ते शांत होतं. पंख्याला स्वच्छ पाणी मिळालं की त्याची पकड चांगली बसते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण दुकानदार सहसा ती सांगत नाहीत: वेगातला बराचसा फायदा इंजिन वर उचलल्याने मिळतो, मागे नेल्याने नाही. मागे नेल्यामुळे वर उचलायला जागा मिळते, इतकंच. ज्यांनी प्लेट लावली आणि उंची होती तीच ठेवली, त्यांनी खर्च केला आणि फायदा तसाच सोडून दिला.

लांब हात, जास्त जोर

सी-सॉवर टोकाला बसलेलं बारकं पोरगंसुद्धा मधल्या मोठ्या माणसाला उचलतं. तेच इथे. होडीचा गुरुत्वमध्य कुठेतरी मध्याच्या मागे असतो. इंजिन त्यापासून जितकं दूर, तितका त्याचा हात लांब. इंजिनाचा ट्रिम बाहेर घेतला, म्हणजे पंखा थोडा मागे-वर तिरका केला, की तो होडीचा मागचा भाग किंचित खाली दाबतो आणि पुढची नाळ वर उचलतो. हात लांब असल्यावर हेच काम कमी ट्रिममध्ये होतं. नाळ उचलली की पाण्याला लागणारा तळ कमी होतो, घर्षण कमी होतं, वेग वाढतो. वळतानाही लांब हाताचा परिणाम जाणवतो.

पण हा हात दोन्ही बाजूंनी चालतो. गुरुत्वमध्य मागे गेल्याने काही होड्या वेगात डॉल्फिनसारख्या डुचमळायला लागतात: नाळ वर, नाळ खाली, पुन्हा वर. ज्या होडीला ही खोड आधीच आहे तिला सेटबॅक दिला तर दुखणं बहुतेक वाढतं. निघताना मागचा भाग बसतो, नाळ आकाशाकडे जाते आणि काही सेकंद समोरचं दिसत नाही. ट्रिम पूर्ण आत घेऊन निघालात तर तोच लांब हात मागचा भाग उचलायला मदत करतो, म्हणून हे किती त्रासदायक होईल ते होडीगणिक वेगळं. पण गर्दीच्या जेट्टीजवळ काही सेकंद आंधळं धावणं ही छोटी गोष्ट नाही.

वजनाचा हिशोब

अॅक्टिव्हावर गॅसचा सिलिंडर पायाजवळ ठेवला तर गाडी नीट चालते. तोच मागे कॅरिअरवर बांधला की पुढचं चाक हलकं वाटायला लागतं. वजन तेच, जागा वेगळी. होडीत हे मोजणं सोपं आहे: वजन गुणिले अंतर.

४० एचपीचं चार-स्ट्रोक इंजिन धरू, वजन सुमारे १०० किलो. ते १० इंच, म्हणजे ०.२५ मीटर मागे नेलं. १०० × ०.२५ = २५. (एकक मुद्दाम लिहीत नाही. "किलो-मीटर" लिहिलं की अर्धे वाचक अंतर समजतील.) हा २५ म्हणजे किती? ६० किलोचा माणूस होडीत बसल्या जागेवरून ४२ सेंटीमीटर मागे सरकला तर तेवढाच फरक पडतो. म्हणजे फार काही नाही. वर प्लेटचं स्वतःचं १५ किलोच्या आसपास वजन वाढतं ते वेगळं.

आता दुसरं उदाहरण. १५० एचपीचं इंजिन, वजन अंदाजे २२० किलो, आणि ३० इंची ब्रॅकेट, म्हणजे ०.७६ मीटर. २२० × ०.७६ = १६७. तोच ६० किलोचा माणूस आता पावणेतीन मीटर मागे गेला असं समजा. ब्रॅकेटचं वजन अजून धरलेलंच नाही. म्हणून मोठे ब्रॅकेट पोकळ आणि हवाबंद बनवतात, म्हणजे ते पाण्यात थोडा आधार देतात. होडी थांबलेली असते तेव्हा हा आधार कामाला येतो. वेगात पळताना ब्रॅकेट पाण्याच्या वर असतो, तेव्हा तो आधार नाही.

मग मोठा ब्रॅकेट लावतात तरी कशाला? मुख्यतः जागेसाठी आणि सुरक्षेसाठी. अनेक होड्यांत इंजिन टांगायला ट्रान्समची भिंत मध्ये खाली कापलेली असते. मागून मोठी लाट आली की पाणी तिथूनच आत येतं. इंजिन ब्रॅकेटवर बाहेर गेलं की ही भिंत पूर्ण उंचीची करता येते, आणि आतली जागाही मोकळी होते. फ्लोरिडात जुन्या होड्यांतलं आतलं इंजिन काढून मागे ब्रॅकेटवर आउटबोर्ड लावण्याचे प्रकार बरेच होतात. तिथे आतलं जड इंजिन निघून गेल्यामुळे हिशोब पूर्ण नव्याने मांडावा लागतो.

आणि एक: जुनी होडी जर हलक्या दोन-स्ट्रोक इंजिनासाठी बनवलेली असेल, तर तेवढ्याच ताकदीचं चार-स्ट्रोक सहसा आधीच जास्त जड असतं. त्यावर सेटबॅक म्हणजे एका दुखण्यावर दुसरं.

भोक पाडण्याआधी करायची कॅनची चाचणी

ही चाचणी मला फार आवडते, कारण ती फुकट आहे आणि पूर्ण शाळेच्या फिजिक्सवर चालते. आपण सॉफ्टवेअरवाले याला प्रॉडक्शनच्या आधीचं टेस्टिंग म्हणू.

वर आलेला आकडा आठवा: २५. पाण्याने भरलेला २५ लिटरचा कॅन म्हणजे २५ किलो. तो १ मीटर मागे सरकवला की २५ × १ = २५. म्हणजे कॅन १ मीटर मागे सरकवणं आणि १०० किलोचं इंजिन १० इंच मागे नेणं, होडीच्या तोलाच्या दृष्टीने सारखंच.

शांत पाण्यात, जेट्टीला बांधलेल्या होडीत हे करा. नेहमीची माणसं, इंधन, जाळी, बर्फ, जे काही रोज असतं ते सगळं चढवा. कॅन ट्रान्समच्या १ मीटर पुढे ठेवा. ट्रान्समच्या दोन्ही कोपऱ्यांना पाणी कुठे लागतंय तिथे बाहेरून चिकटपट्टी लावा आणि मोबाइलने फोटो काढा. मग कॅन ट्रान्समला टेकवून ठेवा आणि प्लेटच्या वजनासाठी आणखी १५ लिटर पाणी तिथेच ठेवा. पुन्हा फोटो. दोन फोटोंत पाण्याची रेषा जितकी चढली, साधारण तितकीच प्लेट लावल्यावर चढेल. प्रत्यक्षात किंचित जास्त धरा, कारण प्लेटचं वजन ट्रान्समच्या बाहेर असणार. मोठ्या ब्रॅकेटसाठी असेच सात कॅन १ मीटर सरकवा (१७५, म्हणजे आपल्या १६७ च्या जवळ), आणि ब्रॅकेटच्या वजनाइतकं पाणी वेगळं धरा.

आता तीन गोष्टी बघा. डेकवरचं पाणी बाहेर सोडणारी भोकं पाण्याखाली गेली का? गेली असतील तर पाणी बाहेर जायच्या ऐवजी आत येईल. ट्रान्समचा कापलेला भाग पाण्यापासून किती उंच उरला? आणि दोन माणसं मासा ओढायला मागे येऊन उभी राहिली तर काय होतं? शेवटचं खरंच करून बघा. लाटा नसताना हे दृश्य घाबरवत असेल, तर लाटा असताना काय होईल याचा विचार करायचीही गरज नाही.

अमेरिकेत २० फुटांपेक्षा लहान होड्यांवर किती माणसं, एकूण किती वजन आणि किती एचपी चालेल याची पाटी कायद्याने लागते. त्या एकूण वजनात माणसं, सामान आणि आउटबोर्ड इंजिन सगळं धरलेलं असतं. प्लेट लावली म्हणून पाटीवरचा आकडा वाढत नाही.

ट्रान्समवर किती ओढ पडते?

पाण्याने भरलेली बादली अंगाजवळ धरा, मग हात लांब करून धरा. बादली तीच, पण खांदा ओरडायला लागतो. ट्रान्समचंही तसंच होतं.

इंजिन मागे लटकलेलं असल्यामुळे वरचे बोल्ट बाहेर ओढले जातात आणि खालचा भाग भिंतीत दाबला जातो. पंखा पुढे ढकलतो तेव्हाही तेच होतं, कारण तो जोर खूप खाली, पाण्यात लागतो. दोन्ही ताण एकाच दिशेचे. सेटबॅकने पंख्याचा ताण वाढत नाही, पण वजनाचा नक्की वाढतो.

मोठ्या इंजिनांच्या बोल्टच्या नेहमीच्या रचनेत वरच्या आणि खालच्या ओळींत सुमारे ८ इंच, म्हणजे ०.२ मीटर अंतर असतं. समजा १०० किलोच्या इंजिनाचा गुरुत्वमध्य भिंतीपासून ०.२ मीटर मागे आहे. १०० × ०.२ भागिले ०.२, म्हणजे वरच्या बोल्टांवर नुसत्या वजनाची १०० किलोची ओढ. १० इंच सेटबॅक दिला की हाच गुरुत्वमध्य ०.४५ मीटरवर जातो आणि ओढ २२५ किलो होते. ही होडी उभी असतानाची गोष्ट. लाटेवरून आपटताना क्षणभर वजनाच्या तिप्पट धक्का बसला, तर ६७५ किलो. दर लाटेला, दिवसभर.

चांगली ट्रान्सम हे सहन करते. प्रश्न सडलेल्या ट्रान्समचा आहे. अनेक फायबरच्या होड्यांत ट्रान्समच्या आत प्लायवूड असतं. जुन्या बोल्टच्या भोकातून पाणी झिरपलं की ते प्लायवूड आतल्या आत कुजतं आणि बाहेरून सगळं चकाचक दिसत राहतं. म्हणून आधी हातोड्याच्या दांड्याने संपूर्ण भिंत ठोकून ऐका. टणक आवाज यायला हवा. कुठे बद्द आवाज आला, जुन्या भोकातून तपकिरी पाणी येत असलं, किंवा इंजिन हाताने वर-खाली हलवल्यावर भिंतच हलताना दिसली, तर जॅक प्लेटचा विचार बाजूला ठेवा आणि आधी ट्रान्समचं काम करा. चालत्या होडीची ट्रान्सम निखळली तर इंजिन जातं, आणि ते पाणी आत यायला मोठं दार उघडून जातं.

भोकं पाडलीच, तर आतल्या बाजूला मोठे वॉशर किंवा धातूची पट्टी हवी, म्हणजे ओढ एका बिंदूवर न पडता पसरते. भोकाच्या आतली कड सील करायची ती पाण्याखाली चालणाऱ्या मरीन सीलंटने. बाथरूमचं सिलिकॉन इथे चालत नाही.

मग हे कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही?

सगळा फायदा अशा होडीला आहे जी वेगात पाण्यावर उठून घसरत पळते. याला प्लेनिंग म्हणतात. जी होडी पाणी कापत हळू चालते, तिच्या मागे वर चढणाऱ्या स्वच्छ पाण्याची ही गंमत उपयोगी पडत नाही. अशा होडीची वेगमर्यादा तिच्या लांबीवरच ठरते. पाण्याला लागणारी लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा, उत्तर नॉटमध्ये. २५ फुटांसाठी ६.७ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १२ किलोमीटर. इंजिन कितीही मागे न्या, ही मर्यादा जागची हलत नाही.

उलट तोटा होतो. लाटांत होडी मधल्या भागाभोवती सी-सॉसारखी हलते, आणि जो भाग जितका टोकाला तितका तो जास्त वर-खाली होतो. इंजिन मागे नेलं की नाळ खाली गेल्यावर पंखा जास्त उचलला जातो, पाण्याबाहेर येतो आणि इंजिन रिकामंच किंचाळतं.

कोकणातल्या मोठ्या मासेमारी बोटींत डिझेल इंजिन आतच बसवलेलं असतं, त्यांना हा विषय लागूच नाही. छोट्या फायबरच्या होड्या ९.९ किंवा त्याच्या आसपासच्या एचपीवर, जाळी आणि मासळीने भरून हळू चालतात. त्यांच्या मालकांना माझं मत विचाराल तर: प्लेटवर पैसे घालू नका. त्याच पैशांत योग्य पिचचा पंखा घ्या, फरक जास्त दिसेल. मालवण-तारकर्लीला पाण्यावरच्या खेळांच्या वेगवान बोटी असतात, तिथे मात्र हे गणित जमू शकतं. पण प्रवासी घेणाऱ्या बोटीत असा बदल म्हणजे तिचा तोल बदलणं. महाराष्ट्रात अशा खेळांची परवानगी मेरिटाइम बोर्डाकडून घ्यावी लागते, तेव्हा ड्रिल उचलण्याआधी तिथे विचारा.

मोबाइलने मोजा, कानाने नाही

इंजिन वर उचललं की आवाज चढतो, आरपीएम वाढतात आणि सगळ्यांना वाटतं वेग वाढला. बऱ्याचदा वाढलेला नसतो. पंखा हवा खातो आणि नुसता फिरतो. हे पकडायला स्लिप काढायची. पंखा प्रत्येक फेऱ्यात सैद्धांतिकदृष्ट्या किती इंच पुढे जाईल, तो आकडा म्हणजे पिच. तो पंख्यावर कोरलेला असतो.

सैद्धांतिक वेग (ताशी किलोमीटर) = आरपीएम × पिच ÷ (गिअर रेशो × ६५६)

समजा ५५०० आरपीएम, १३ पिच, गिअर रेशो २. उत्तर ५४.५. मोबाइलच्या जीपीएस ॲपवर खरा वेग ४६ आला. म्हणजे स्लिप सुमारे १६ टक्के. प्लेनिंग होडीला १० ते २० टक्क्यांच्या दरम्यानची स्लिप नेहमीची.

आता इंजिन १ इंच वर घेतलं. आरपीएम ५६०० आणि जीपीएस ४७.५ आला तर स्लिप १४ टक्क्यांवर आली, काम झालं. पण आरपीएम ५८०० आणि जीपीएस ४६ च राहिला, तर स्लिप २० टक्के. आवाज वाढला, पेट्रोल वाढलं, वेग तोच. एक भोक खाली या.

मोजताना एकाच पट्ट्यात जाऊन-येऊन दोन्ही दिशांचा वेग घ्या आणि सरासरी काढा, नाहीतर भरती-ओहोटीचा प्रवाह तुम्हाला फसवेल. प्रत्येक वेळी इंधन आणि माणसं सारखी ठेवा. मागच्या पट्टीचा स्लो-मोशन व्हिडिओही घ्या: सरळ, पूर्ण वेगात पट्टी पाण्याच्या पृष्ठभागाला जेमतेम घासत दिसली तर उंची जवळपास बरोबर आहे. पट्टी खोल बुडालेली असेल तर अजून वर जायला जागा आहे. व्हिडिओ घेणारा माणूस चालवणाऱ्यापेक्षा वेगळा, बसलेला आणि लाइफ जॅकेट घातलेला असू द्या.

बसवल्यावर लगेच तपासायच्या गोष्टी

थंड करायचं पाणी इंजिन खालच्या भागातल्या जाळीतून ओढतं. इंजिन जास्त वर घेतलं की या जाळीपर्यंत पाणी नीट पोचत नाही. म्हणून इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार सतत बघा, आणि प्रेशर गेज असेल तर ते फक्त सरळ नाही तर वळणातही बघा. वळताना धार तुटत असेल तर उंची कमी करा, मग वेग थोडा गेला तरी चालेल. उकळलेल्या इंजिनाची दुरुस्ती प्लेटपेक्षा महाग पडते.

स्टिअरिंगची केबल, गिअर-थ्रॉटलच्या केबली, इंधनाचा पाइप आणि बॅटरीच्या वायरी जुन्या जागेच्या मापाने कापलेल्या असतात. १० इंच मागे गेल्यावर त्या ताणल्या जातात. इंजिन पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे आणि पूर्ण वर उचलून, प्रत्येक वेळी सगळ्या केबली हाताने चाचपा. कुठे ताण असेल तर लांब केबल घ्या, वायरीला जोड देऊन भागवू नका.

चालवणाऱ्याच्या मनगटाला लावायची किल-स्विचची दोरी पहिल्या चाचणीला तर हवीच हवी. अमेरिकेत २६ फुटांपेक्षा लहान अशा हौशी होड्यांसाठी ती १ एप्रिल २०२१ पासून कायद्याने सक्तीची आहे. नवीन तोलाची होडी पहिल्या जोराच्या वळणात कशी वागेल हे चालवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तेव्हा पहिली फेरी अर्ध्या थ्रॉटलवर, सरळ रेषेत आणि किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर करा. एक तासाने परत येऊन सगळे बोल्ट पुन्हा आवळा, कारण नवीन प्लेट पहिल्या काही तासांत थोडी बसते आणि बोल्ट सैल पडतात.